लोहचुंबक आणि हिरवं पाणी

एकोडी, १९ जुलै १९८६

आजही ‘बाई’! सकाळी चहा दिला तर बाबा म्हणाले, “तुमी कोन्त्या शाळेवरच्या, बाई?” साकोलीच्या, म्हटलं. तेही खरंच आहे. त्यांनी मान डोलावली, चहा बशीत ओतला आणि आईला सांगितलं, बाईले खुर्ची दे. पोटची पोर समोर उभी, आणि हा माणूस तिला खुर्ची देतो! परसात जाऊन रडले. मग स्वतःचाच राग आला.

मागच्या पावसाळ्यापर्यंत ओळखत होते.

२० जुलै

ठरवलं. रजा आहे तोवर शेवाळ लावायचं, पंच्याहत्तर साली बाबांबरोबर लावलं होतं तसंच. डोकं विसरलं असेल, हात विसरणार नाहीत.

आई म्हणाली, “काहून त्याईच्या डोक्स्याले तरास देतं व, बेबी?” तरास माझ्याच डोक्याला आहे, म्हटलं.

परसात उथळ खड्डा केला. खाली प्लास्टिक, वर धानाच्या बांधीतली माती, थोडं सुपरफॉस्फेट, पाणी, आणि साकोलीहून आणलेली निळ्या-हिरव्या शेवाळाची पुडी. हे शेवाळ हवेतलं नत्र ओढून धानाला देतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी हे वाचलं तेव्हा मी गावभर सांगत सुटले होते. लोकांना वाटलं, पोट्टी भ्रमली!

२४ जुलै

ढग. ऊन नाही.

२७ जुलै

पाणी हिरवं दिसू लागलं. आणि ते दिवस आठवून आठवून जीव कासावीस होतो. काय मजा होती तेव्हा!

शेवाळ तयार झालं आणि वाळवायला घेतलं की झड लागायची. सगळं कुजायचं, घरभर वास. मग मला कॉलेजातली काळी भुकटी सुचली — हिराकस, फेरिक क्लोराइड आणि अमोनिया मिळून खाली बसते ती. काजळाइतकी बारीक. हिरव्या पाण्यात ढवळली की शेवाळाला चिकटते. मग लोहचुंबक लावायचा — भुकटी शेवाळाला घेऊन त्याच्याकडे धावते, आणि स्वच्छ पाणी ओतून द्यायचं. उन्हाची वाट पाहणं नाही!

चुंबक बाबांनी आणला, गावात दंडारीचे खेळ करणाऱ्यांच्या फुटक्या भोंग्यातला. आणि आणल्या आणल्या सोडला कुठे? लोखंडी घमेल्यात! तळाला असा बसला की मी ओढते, बाबा ओढतात, आई पदर तोंडाला लावून हसते. शेवटी लाकडी पाचर घालून उपसला. दुसऱ्या दिवसापासून काचेची बरणी. बाबा आठवडाभर घमेल्याकडे बघत नव्हते.

३० जुलै

आज भय्याजी काका आठवले. बाबांचे मोठे भाऊ. “बीएस्सी झाली ना पोट्टी? पुरे झालं. यंदा लगन.” स्थळ घेऊनच आले होते. भावापुढे बाबांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं — “तिचं शेवाळ तलावाकडच्या बांधीत टाकतो. बाजूच्या बांधीपरीस धान हिरवं दिसलं तं शिकल. नाही दिसलं तं तुमी म्हनसान तसं.” घरादेखत!

रोवणी झाल्यावर ओलं शेवाळ मी स्वतः मूठ मूठ टाकलं. रोज जाऊन बघायचे. पोळ्यापर्यंत ती बांधी अशी गर्द हिरवी झाली की काका बांधावर उभे राहून नुसते खाकरले. स्थळ परत गेलं. मी नागपूरला गेले, एम.एस्सी. झाले, आज शाळेत विज्ञान शिकवते. सगळं त्या बांधीमुळे. दरवर्षी वर्गात ती गोष्ट सांगते — जरा फुगवूनच!

३ ऑगस्ट

बरणी, भुकटी, चुंबक, सगळं ओसरीवर मांडलं. चुंबक बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो बरणीला बाहेरून टेकवला आणि हळूहळू वर सरकवला. तसाच! अगदी तसाच! काळं-हिरवं त्यांच्या बोटांमागे सरकत आलं.

“बाबा, मी कोण?”

त्यांनी चुंबक परत माझ्या हातात दिला. मग म्हणाले, “तुमाले हे कोनं शिकवलं, बाई? आमची बेबी असंच करते.”

कुठे असते बेबी, मी विचारलं.

“नागपूरले. शिकून राहिली.”

आई उठून आत गेली. मी बरणी विसळत बसले. हात ओळखतात, मला नाही ओळखत.

४ ऑगस्ट

रजा संपली. हरले.

५ ऑगस्ट

बसपर्यंत सोडायला बाबा आले. पाहुण्या बाईंना! तलावाकडच्या बांधीपाशी थांबले, मागेपुढे पाहिलं, आवाज उतरवला. “तुमी शिकलेल्या, म्हून सांगतो. पोट्टीच्या शेवाळानं काई झालं नव्हतं. मीच सकारी सकारी येऊन युरिया टाकत होतो. नाही तं भावानं लगन लावून देल्लं असतं तिचं.”

मग हात जोडले. “तिले सांगू नोका, बाई. बहुत खुश आहे पोट्टी.”

नाही सांगणार, म्हटलं.