शिक्क्यात न मावलेलं वाक्य

बाई, हिच्या डाव्या मनगटावर बांगडीच्या जागी एक निळी कडी उमटली आहे. परवा ती दोऱ्याएवढी होती, आज बोटभर रुंद झाली आहे. ही आत झोपली आहे, दुपारचे तीन वाजलेत, खाली लालबागच्या गल्लीत मसाला कुटणाऱ्या यंत्रांची धडधड चालू आहे, आणि मी दर दहा मिनिटांनी उठून दारातून तिचा श्वास बघून येतो. मुलगा बंगळूरहून संध्याकाळच्या विमानाने निघतोय. तोवर मनातलं बोलायला कोणी नाही. शाळेत काही अडलं की तुमच्यापुढे जाऊन उभं राहायची सवय होती, ती पंच्याहत्तरी उलटली तरी मोडलेली नाही. तुम्ही गेलात त्याला एक आयुष्य लोटलं. तुमची चाळही पाडली, तिथे आता काचेची इमारत आहे. म्हणजे हे पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्नच मिटला. पण लिहिताना तुम्ही समोर बसल्यासारख्या वाटता, खडूने पांढरी झालेली बोटं पदराला न पुसता तशीच टेबलावर ठेवून.

गिरगावातल्या आपल्या शाळेचा तिसरा मजला आठवतोय. खिडकीबाहेर समोरच्या चाळीच्या गॅलरीत पापड वाळत घातलेले असायचे आणि वाऱ्याची झुळूक आली की सगळा वर्ग उडदाच्या वासाने भुकेला व्हायचा. त्या दिवशी मी उभा राहून होडीची कविता म्हणतोय. माझा आवाज चांगला होता, आणि तो चांगला आहे हे मला जरा जास्तच ठाऊक होतं. एकही शब्द न अडखळता, चालीत, शेवटची ओळ दोनदा घोळवून मी कविता संपवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणालात, "पुस्तक मीट." मी म्हटलं, "मिटलेलंच आहे, बाई. पाठ आहे." "मग आता चाल सोड. तुझ्या शब्दांत सांग. ती होडी परत का येत नाही?"

मला सांगता येईना. कविता गळ्यात होती, त्यापलीकडे कुठेच नव्हती. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "बाई, त्याला नुसतं गाता येतं. विचारू नका त्याला." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. थांबलात. किती थांबलात कोण जाणे. पाच पापड उलटून होतील इतकं थांबलात. आणि मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालात, "चूक माझी आहे. मी नीट सांगितलं नाही. उद्या परत सांगते." मोठ्या माणसाने असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मला रडू आलं, ते का आलं हे कळायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली.

शाळा संपताना तुम्ही तुमचं कवितेचं पुस्तक मला दिलंत. त्यात समासात पेन्सिलीने काढलेली लहान लहान वर्तुळं आहेत. मी विचारलं होतं, ही कसली? तर म्हणालात, "जिथे वर्ग गप्प बसला तिथे माझं सांगणं कमी पडलं. पुढच्या वर्षी तिथे हळू जायचं." ते पुस्तक आता माझ्या मांडीवर आहे, आणि त्यात हिचा हॉस्पिटलचा कागद घातलेला आहे.

मी परळच्या एका मोठ्या रुग्णालयात कारकून झालो हे तुम्हाला माहीत होतं. छातीच्या वॉर्डात बसायचो, घरी सोडलेल्या रुग्णांचे कागद तयार करायचो. डिलाईल रोडच्या चाळीतले एक मामा होते, गिरणीतून निवृत्त झालेले, छाती कापसाच्या तुसाने भरलेली. घरी जायचे आणि महिन्याभरात परत यायचे, धापा टाकत. तिसऱ्यांदा त्यांचा कागद देताना मला काय झालं कोण जाणे, मी कागद हातातच ठेवला आणि म्हटलं, "मामा, घरी गेल्यावर ही कॅप्सूल कशी घेणार ते मला सांगा बघू. तुमच्या शब्दांत." मामा चिडले. "गिळतंय पाण्याबरोबर. नायतर काय नाकात घालू?" ती कॅप्सूल गिळायची नव्हतीच. एका लहानशा यंत्रात घालून तिची पूड श्वासाबरोबर ओढायची होती. मी तुमच्यासारखाच म्हणालो, "चूक आमची, मामा. आम्ही नीट सांगितलं नाही."

शेजारी सिस्टर उभ्या होत्या, वॉर्डातल्या सगळ्यांत कडक. त्या फणकारल्या, "आमची म्हणजे? मी दोनदा सांगितलंय त्यांना." मामा लिफ्टपर्यंत पोचले असतील, तोच त्याच मला म्हणाल्या, "बोलव त्यांना मागे. यंत्र घेऊन यायला सांग. मीच दाखवते." त्यानंतर मामा दाखल व्हायला कधी आले नाहीत. एकदा फक्त फणसाचे गरे घेऊन आले, सिस्टरांसाठी. हळूहळू वॉर्डात तशी रीतच पडली. कागद देण्याआधी विचारायचं, थांबायचं, आणि नाही सांगता आलं तर चूक आपली म्हणून परत सांगायचं. परत परत येणारे चेहरे कमी झाले. सिस्टर त्याला 'तुझ्या बाईंची रीत' म्हणायच्या.

इथपर्यंतचं सांगताना मला बरं वाटतंय, बाई. पुढचं सांगवत नाही.

आमच्या संस्थेची मुंबईत आणि बाहेर बरीच रुग्णालयं होती. वरच्या ऑफिसातल्या साहेबांच्या कानावर हे गेलं. त्यांनी मला बोलावलं, खुर्ची दिली, बिस्किटं दिली. म्हणाले, "काका, कल्पना फर्स्ट क्लास आहे. आपण ही सगळीकडे नेऊ. पण कागदावर बसली पाहिजे. हे थांबायचं म्हणजे किती थांबायचं?" मी कसं सांगणार? पापडांचं सांगणार का? मी म्हटलं, "पाच सेकंद?" त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, "आणि हे शेवटचं वाक्य काढा." "कुठलं, साहेब?" "हेच, चूक माझी. अहो, कुठली सिस्टर असं लिहून देईल? उद्या एखाद्याने वकील आणला म्हणजे?" माझ्या हातात लाल पेन होतं. मसुदा माझाच होता. मी ते वाक्य कापलं. अगदी पट्टी लावून, सरळ रेघेत.

उरला तो एक शिक्का. 'रुग्णास माहिती दिली. रुग्णास समजले. सही.' तो शिक्का घेऊन मी दोन वर्षं रुग्णालयांतून हिंडलो. सभागृहात बोलायचो तेव्हा तुमची गोष्ट सांगायचो, होडीची कविता चालीत म्हणून दाखवायचो, लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्या, बाई. तेव्हाच मला ओळखता यायला हवं होतं. दादरच्या एका रुग्णालयात सकाळी गेलो तर सिस्टर कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढे घेऊन शिक्के मारत बसल्या होत्या, ठक, ठक, ठक. मला बघून म्हणाल्या, "संध्याकाळी गर्दी होते ना, काका, म्हणून आत्ताच मारून ठेवते. चहा घेणार?" आणि मी चहा घेतला.

त्याहून वाईट एक आहे. परळलाच एका लहान प्रसूतिगृहात एक आया होती. ती बाळंतिणीला विचारायचीच नाही, सासूला गाठायची. "आजी, तुम्ही सांगा. बाळाला ताप आला तर कुठे न्यायचं? आणि किती वेळात? गुटी-बिटी घालत बसणार की रिक्षा करणार?" सासू फुशारकीने उत्तर द्यायची, चुकली की दोघी हसायच्या, आया म्हणायची, "माझंच मेलं तोंड वाकडं, परत सांगते." तुमची रीत माझ्या सगळ्या रुग्णालयांत जिवंत होती ती तिच्या तोंडी. पण फॉर्म कोरे होते. मी अहवालात लिहिलं, 'शिक्के नाहीत. सुधारणा आवश्यक.' पुढच्या खेपेला सगळ्या कागदांवर शिक्के होते. आया कोपऱ्यात उभी होती, कोणाशी बोलत नव्हती. निवृत्त होताना मला शाल आणि नारळ मिळाला, आणि माझा फोटो प्रशिक्षणाच्या खोलीत लावला गेला.

आता हिचं सांगतो. दोन आठवड्यांपूर्वी हिच्या छातीत धडधडायला लागलं म्हणून तिला आमच्याच संस्थेच्या एका रुग्णालयात नेलं. चार दिवसांनी घरी सोडताना एक तरुण सिस्टर कागद घेऊन आली. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काका, ट्रेनिंग रूममध्ये तुमचाच फोटो आहे ना?" मी फुललो, बाई. या वयात माणूस फार स्वस्तात फुलतो. तिने गोळ्या सांगितल्या, सकाळची, दुपारची, संध्याकाळी सहाची, एका दमात, पाठ केलेल्या कवितेसारख्या. मग म्हणाली, "समजलं ना, काका? तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुमचीच पद्धत." मागे तीन माणसं खोळंबली होती. मी म्हटलं, "हो तर." शिक्का आधीच मारलेला होता. त्याखाली मी सही केली.

परवा दात घासताना हिच्या चुळीत रक्त आलं. मग ही कडी दिसली. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि फार वर्षांनी तो प्रश्न विचारला, "कुठली गोळी कधी घेतेस, सांग बघू." तिने सगळं बिनचूक सांगितलं, सिस्टरच्याच क्रमाने, जवळजवळ चालीत. "आणि झोपताना आपली नेहमीची," ती म्हणाली. "नेहमीची म्हणजे?" "अहो, आपल्या डॉक्टरांची. पाच वर्षं घेतेय ती. ती बंद कर असं कुठे कोण म्हणालं?"

संध्याकाळी सहाच्या गोळीचा आणि या नेहमीच्या गोळीचा, असे दोन्ही डबे घेऊन मी खालच्या केमिस्टकडे गेलो. त्याने चष्मा वर करून बघितलं. "काका, ह्या दोन्ही एकच आहेत. रक्त पातळ करायची गोळी. कंपनी वेगळी, नाव वेगळं. दोन्ही चालू नाहीत ना?" मी डबे उचलले. काल रक्त तपासलं. डॉक्टरांनी आकडा बघून दोन्ही गोळ्या बंद केल्या, उद्या सकाळी परत तपासायचं म्हणाले. आणि हिला बाहेर बसवून मला एकट्याला सांगितलं, "डोकं दुखलं, उलटी झाली, बोलताना जीभ अडखळली, तर वाट बघायची नाही. त्याच मिनिटाला घेऊन यायचं. समजलं ना?" मी म्हटलं, "हो."

हे मात्र मला खरंच समजलं होतं. पण हिला मी सांगितलेलं नाही. घाबरेल म्हणून, असं मी स्वतःला समजावलंय. तिला फक्त "पडून राहा" म्हटलंय. आणि ती कशी आहे ते तुम्हाला ठाऊक नाही, बाई. पन्नास वर्षांत तिने 'मला दुखतंय' असं पाच वेळा म्हटलं नसेल. कालपासून एकच धोशा लावलाय, "माझंच मेलीचं चुकलं. मी विचारायला हवं होतं. तुमच्या पद्धतीचं नाव घालवलं मी." मी तिच्या पाठीवर हात फिरवतो आणि म्हणतो, "असू दे गं, असू दे." म्हणजे चूक तिची, आणि मी ती मोठ्या मनाने पोटात घातली.

मघाशी तुमच्या पुस्तकातून तो कागद काढला आणि संध्याकाळी सहाच्या गोळीपुढे पेन्सिलीने एक लहान वर्तुळ काढलं. वर्तुळ नीट जुळलं नाही. जे वाक्य मी लाल पेनाने कापलं ते साहेबांमुळे कापलं, असं मी वीस वर्षं म्हणत आलो. पण इथे साहेब नाहीत, वकील नाही, शिक्का नाही. दोन खोल्यांचं घर आहे आणि आत एक बाई स्वतःला दोष देत झोपलीय. तरी ते वाक्य तोंडातून निघालेलं नाही. त्या दिवशी ते तुम्हाला किती जड गेलं असेल, चाळीस पोरांसमोर, हे मला आज कळतंय.

यंत्रं आता थांबलीत. गल्ली एकदम शांत झाली, आणि त्या शांततेत आतून वास येतोय. आधी मला मसाल्याचा वाटला. मसाल्याचा नाही, बाई. बामचा आहे. ही उठली आहे, मला हाक न मारता, आणि कपाळाला बाम चोळते आहे.

पुस्तक मिटतो.