बाळाचा ताबा

प्रिय मावशी,

नमस्कार. तुझ्या गुडघ्याची चौकशी पत्राच्या शेवटी करते. आईने फोनवर तुला काहीतरी सांगितलंच असेल, म्हणून घडलं ते आधी क्रमाने:

१. आम्ही चौघे समुद्रावर सुट्टीला गेलो.
२. परत निघताना गाडीत आम्ही दोघेच होतो.
३. गाडी वळवली.
४. चौघे घरी आलो.

आईच्या हकिकतीत पोलीस असतील तर ते वगळ. पोलीस नव्हते.

आता खुलासा. मी आणि तुझे जावईबापू एकाच जलशुद्धीकरण केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काम करतो, हे तुला माहीत आहे. तिथे शिफ्ट बदलताना जाणाऱ्याने ‘दिलं’ म्हणायचं, येणाऱ्याने ‘घेतलं’ म्हणायचं, आणि ‘घेतलं’ कानावर पडल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, असा नियम आहे. थोरली ठमी झाल्यावर आम्ही तोच घरी लागू केला. बाळ एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ‘दिलं’, ‘घेतलं’. (आई हसली. सासूबाई हसल्या नाहीत, त्यांना वाटलं आमचं बोलणंच तेवढं उरलंय.) नियम उत्तम चालला. बाळ आजवर एकदाही पडलेलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवते.

सुट्टीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. बाळाने समुद्राकडे पाठ करून वाळू खाल्ली. ठमीला समुद्र आवडला नाही, हॉटेलची लिफ्ट आवडली, त्यामुळे विश्रांतीचा बराचसा वेळ आम्ही लिफ्टमध्ये घालवला. (चौथ्या मजल्यावरच्या एक आजी आम्हाला लिफ्टचे कर्मचारी समजून मजला सांगू लागल्या. तुझे जावई आज्ञाधारकपणे बटण दाबायचे.) बाळासाठी नेलेल्या खेळण्यांची बॅग उघडलीच नाही, ते साबणाच्या रिकाम्या खोक्याशी खेळलं. एकूण, घरी जे करतो तेच गैरसोयीच्या जागी करणं म्हणजे सुट्टी, असं माझं मत झालं आहे.

निघायच्या दिवशी बाबागाडी लॉबीतल्या माशांच्या टाकीजवळ उभी केली. मी वाकून एका बॅगेच्या अडकलेल्या चेनशी झगडत होते. न वळता म्हटलं, ‘दिलं.’ मागून लगेच आलं, ‘घेतलं.’ मी निर्धास्तपणे बॅगा घेऊन बाहेर गेले आणि हॉटेलच्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बसले. तुझे जावई तेव्हा काउंटरवर किल्ली परत देत होते. ते तिथूनच दुसऱ्या दाराने आले आणि पुढे, ड्रायव्हरशेजारी बसले. मध्ये बॅगांची भिंत. मला वाटलं मुलं पुढे आहेत, त्यांना वाटलं मागे. दोघांनाही शांतता फार आवडली. फाटकाच्या पुढे आल्यावर ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, तुमच्यात दोन लहान मुलं होती ना?”

‘घेतलं’ ठमी म्हणाली होती. साडेचार वर्षं ती हे ऐकत आली आहे, आणि ती मागे उभी होती. शब्द बिनचूक होता. तो कुणी उच्चारला हे वळून बघायचं कलम आमच्या नियमात नाही, कारण कंट्रोल रूममध्ये साडेचार वर्षांचं कुणी नसतं.

आम्ही धावत आत गेलो तेव्हा ती टाकीपाशी बाबागाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभी होती. मॅनेजर बिस्किटाचा पुडा घेऊन उकिडवे बसले होते आणि ती त्यांना सांगत होती, “हात नाही लावायचा. मी घेतलंय.” बाळ झोपलं होतं. लॉबीतले लोक म्हणाले, किती शहाणी मुलगी! कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

तर असं. सगळे सुखरूप आहेत, काळजीचं कारण नाही, तू येण्याचीही काही गरज नाही. घरात सर्वांना नमस्कार.

तुझी,
मोठी

ता. क. १: गुडघा कसा आहे? (बाळ आता जड झालं आहे, म्हणून विचारते.)

ता. क. २: ठमीने अजून दांडा सोडलेला नाही. बागेत नेलं तरी झोपाळ्यावर बसत नाही, बाबागाडीजवळ उभी राहते. मी तिला स्पष्ट म्हटलं, “घेतलं.” ती म्हणाली, “पण मी कुठं दिलंय?” बाबाला देशील का, विचारलं. म्हणाली, “नको. तुम्ही गाडीत जाऊन बसता.” येणारेजाणारे अजून तिला शहाणी म्हणतात. मला तो शब्द बरा वाटत नाही.

ता. क. ३: आई आजारी होती त्या वर्षी मी धाकट्याला कडेवर घेऊन फिरायचे. मलाही सगळे शहाणी म्हणायचे. तू आलीस, चपलाही न काढता म्हणालीस, “आण गं तो ठोकळा इकडे. तू सुटलीस, खेळायला जा.” मी गेले. हात दुखत होते, हे मला जिना उतरताना कळलं.

त्यानंतर असं कुणाला म्हणताना मी ऐकलं नाही. मला ते जमत नाही, करून पाहिलं. तू येऊन ठमीला म्हणशील का? गाडीत बसण्याचा आरोप तुझ्यावर नाही, तुला ती देईल.

शनिवारी मी स्टेशनवर घ्यायला येईन. (मुलांना घेऊन येणार नाही.) गुरुवारपर्यंत उत्तर पाठव. एक शब्द लिहिलास तरी चालेल.