अण्णांचं गेज

प्रिय अनू,

ओळी वर-खाली गेल्यात, अक्षरं बोराएवढी झालीत, हसू नकोस. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या मुलीला पत्र लिहिणारा म्हातारा सगळ्या येलहंक्यात मीच असेन. पण सकाळी सातला तू यशश्रीला दारात सोडतेस तेव्हा व्हाइटफील्डच्या ऑफिसची कॅब हॉर्न मारत असते, आणि संध्याकाळी तिला न्यायला येतेस ती दमून. म्हणून हे पत्र तिच्या डब्याच्या पिशवीत घालतोय.

आधी थोडा भांडतो. तू आणलेलं ते गाणारं शैक्षणिक यंत्र मी माळ्यावर टाकलंय. बटण दाबलं की स्वतःच एबीसी म्हणतं, स्वतःच टाळ्या वाजवतं. मग पोरीने करायचं काय? खोक्यावर बुद्धीचा विकास वगैरे छापलंय खरं, पण पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तेहेतीस वर्षं लेथवर उभं राहिलेल्या माणसाला छापील गोष्टींचं फारसं कौतुक नसतं. आमच्याकडे मेथी निवडणं चालतं, डब्यांची झाकणं शोधून लावणं चालतं आणि मी बनवलेली लाकडी आगगाडी चालते. ती कधी वेळेवर सुटत नाही, कारण स्टेशनमास्तरीण बाई दहीभात खात असतात.

आणि प्रत्येक खेळणं माझ्या गेजमधून जातं. ते पोलादी कडं तू पाहिलंयस, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठं. कारखान्यात तयार माल असाच कड्यात घालून तपासायचो; मग साहेब काहीही म्हणो, कडं सांगेल ते खरं. इथे नियम साधा ठेवलाय: जे आरपार गेलं ते घशातही जाईल, म्हणून ते नापास. रोज संध्याकाळी सगळा पसारा तपासून मगच पेटीत भरतो.

रंगीत ठोकळ्यांना मी खाचा पाडल्या, लालला एक, हिरव्याला दोन, पिवळ्याला तीन. डोळे मिटून बोटांनी रंग ओळखायचा. त्याचा व्हिडिओ तू ऑफिसात दाखवलास, अण्णा पोरीसमोर मोबाईलसुद्धा काढत नाहीत म्हणून सगळ्यांना सांगितलंस. मी मिशीतल्या मिशीत हसलो. फार बरं वाटलं होतं, म्हणून गप्प बसलो. अनू, त्या खाचा यशश्रीसाठी नव्हत्या. वर्ष होत आलं, मला रंग नीट कळत नाहीत. ज्याच्याकडे बघावं तिथेच धुरकट डाग येतो, कडेकडेचं तेवढं दिसतं. मोबाईल बंद ठेवला तोही तत्त्वासाठी नव्हे, त्यातलं मला वाचताच येत नाही. तुझी आई असती तर तिने मला केव्हाच पकडलं असतं. तुला सांगितलं असतं तर तू पोरीला पाठवणं बंद केलं असतंस, आणि मला ते नको होतं.

मंगळवारी दुपारी आगगाडीच्या चाकाची खुंटी निघाली. मीच बनवलेली, मीच बसवलेली. यशश्री माझ्यासमोर वीतभर अंतरावर बसून म्हणाली, "अज्जा, बघ." आवाज जरा जड वाटला. मी नेहमीसारखा तिच्या तोंडाकडे बघून म्हणालो, "छान." थोड्या वेळाने तिने ती खुंटी माझ्या तळहातावर काढून ठेवली, ओली आणि कोमट. तोंडात होती, अनू, आणि मी छान म्हणालो होतो. कड्यात टाकली तर कुठेही न अडता खाली पडली. त्यानंतरचे तीन दिवस शेजारच्या सुलभाक्कांना, कारण न सांगता, सोबतीला इथे आणून बसवलं. आज शुक्रवार. सोमवारपासून यशश्रीला माझ्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नकोस. बाई बघ, पाळणाघर बघ, आणि मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. तिच्याशिवाय मला हे घर खायला उठेल, ते लपवत नाही. तू सोबत असशील तेव्हा तिला आण, आगगाडी उशिरा का होईना, सुटेल. गेज या पाकिटातच ठेवलंय. आता तू तपासत जा.

तुझाच,
अण्णा