शेवटची गोणी

प्रिय बिरादार सर,

तुमचं तेरावं होऊन पंधरा दिवस झाले आणि काल सकाळी वहिनींचा फोन आला. "वरची खोली रिकामी करायलेय, सर. शिकायला आलेल्या दोन पोरींना द्यायची हाय. तुमची लढाई घेऊन जा." म्हणून हे पत्र. लढाई आता माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर आहे आणि तिचा निकाल तुम्हाला कळवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

निलंग्याचे दिवस आठवतात ना? तुम्ही इतिहास शिकवायचे, मी गणित. भूकंपात दोघांच्याही घरांना तडे गेले आणि आपली बिऱ्हाडं शेजारशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली. शाळा बंद होती. तुम्ही गावोगावचे ढिगारे उपसून यायचे आणि कोणाशी एक शब्द बोलायचे नाहीत. मग एका दुपारी मदतीच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून तुम्ही भलामोठा पाट केला आणि म्हणालात, "सूर्यवंशी, देवगिरीची लढाई मांडू. तुम्ही दिल्लीचे, मी यादवांचा." मला वाटलं, माणूस कामातून गेला. तरी बसलो. दुसरं काम तरी काय होतं?

आणि ते घोडे! तुम्ही कुंभाराला बोटभर उंचीचे चाळीस घोडे सांगितले. त्याचा हात पोळ्याच्या बैलांना बसलेला. त्यानं चाळीसही घोड्यांना वशिंडं काढून दिली. तुमच्या वीस घोड्यांची वशिंडं तुम्ही ब्लेडनं खरवडत बसलात. माझ्या घोड्यांची मी तशीच ठेवली, तुम्हाला चिडवायला. अजून आहेत.

घोडेस्वारानं फूटपट्टीनं मोजून नऊ इंच जायचं, पायदळानं चार. चकमक झाली की फासे टाकायचे. पण खरी गंमत गोण्यांची होती. देवगिरीवर धान्य समजून मिठाच्या गोण्या चढवल्या, ही गोष्ट सांगताना वर्गात तुमचा आवाज भरून यायचा. म्हणून वहिनींनी बोटाएवढ्या बारा गोण्या शिवल्या. दर डावाला त्या नव्यानं भरायच्या; कशात ज्वारी, कशात मीठ आणि मिठाच्या किती, ते फक्त त्यांनाच ठाऊक. दर फेरीला गोणी तुम्ही निवडायची आणि फोडायची मी. तीनदा मीठ निघालं की गड पडला. बारा गोण्या तगलात तर मोहिमेवर गेलेल्या यादव युवराजाची फौज येऊन पोचली आणि तुम्ही जिंकलात. सर, तुम्ही एकदाही जिंकला नाहीत. तिसरं मीठ कसंही करून निघायचंच.

एकदा आपण खेळत असताना जमीन हलली. पाट थरथरला, तुमचं निम्मं पायदळ आडवं झालं. मी गणिताचा माणूस, म्हणालो, पडले ते मेले धरू. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी अजून विसरलो नाही. "न्हाई. धक्क्यानं पडलेला मेला धरायचा न्हाई. उभा करायचा." आणि एकेक सैनिक उचलून, पुसून तुम्ही जागेवर ठेवलात. किती वेळ लागला! त्या दिवसापासून तुम्ही खेळाबाहेरचंही पुन्हा बोलायला लागलात. ढिगाऱ्यांत काय बघितलंत ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

पुढे लातूरला क्लासेसचा सुकाळ झाला. मी शाळा सोडून एका क्लासला लागलो. तुमची बदलीही लातूरला झाली, घर बांधलंत, वरच्या खोलीत पाट मांडलात. रविवार आपला होता. मग क्लासच्या टेस्ट रविवारी सुरू झाल्या.

शेवटचा डाव तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला आठवत असेल. अकरा गोण्या फुटल्या होत्या, दोनदाच मीठ निघालं होतं. इतके जवळ तुम्ही कधीच आला नव्हता. बारावी गोणी तुम्ही माझ्यासमोर ठेवलीत आणि माझा फोन वाजला. पेपर छापून आले नव्हते. "पुढच्या रविवारी फोडतो," म्हणून मी उठलो. त्या रविवारला अकरा वर्षं लागली, सर. माझं घर तुमच्यापासून दहा मिनिटांवर. मला लाज वाटते.

मनाची समजूत घातली होती की तुम्ही कधीच फोडून बघितली असेल. काल वर गेलो तर गोणी तिथेच, दोरा गुंडाळलेला. वहिनी म्हणाल्या, "गल्लीत सगळ्यांनी खोल्या दिल्या पोरांना. हे म्हणायचे, डाव मोडतो. दर जूनला भांडण. दवाखान्यात मी म्हणलं, आत काय हाय सांगू का? तर म्हणले, न्हाई, फोडायची पाळी सूर्यवंशीची हाय."

तुम्ही असे कसे हो? एक फोन तरी करायचा, शिवी द्यायची.

मी दोरा सोडला. आतून मेलेले सोंडे निघाले, भुसा निघाला आणि मोजून चार दाणे. आपल्या नियमांत सोंड्यांचं कलमच नव्हतं. मी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मी भरली तवा चांगली टपोरी ज्वारी होती. सोंड्यांनी खाल्ली, त्याला यादव काय करतील? तुम्ही वेळेवर यायचं होतं."

गड तगला, सर. तुम्ही अकरा वर्षांपूर्वीच जिंकला होता आणि मी ते तुम्हाला कळू दिलं नाही. जिन्यात बसून मी रडलो. वहिनींनी चहा आणून दिला, मग दोघंही वशिंडवाल्या घोड्यांवरून हसत बसलो. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

टेम्पोत खड्ड्याखड्ड्याला सगळं सैन्य आडवं झालं. घरी आल्यावर एकेक उचलून, पुसून उभं केलं. कोणालाही मेला धरला नाही.

आता शब्द देतो. क्लासची टेस्ट मी रविवारची शनिवारवर नेली आहे. रविवारी वहिनी खेळायला येणार आहेत. मी विचारलं, यादवांकडून ना? म्हणाल्या, "छट! लई वर्षं गोण्याच भरल्या. मी दिल्लीची." म्हणजे गड मलाच राखायचा आहे. राखीन, आणि एकही डाव अर्धा सोडून उठणार नाही.

तुमचा,
आता यादवांकडचा,
सूर्यवंशी