सुलाबाईंना चालवता येईल असं

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

सकाळी सहाला पुन्हा फोन. आमच्या दूध संघाच्या वडूजच्या संकलन केंद्रातून सुलाबाई — "ताई, मेसेज जाईना, आन् काटाबी बंद पडलाय!"

वजन, फॅट, पावती, मेसेज — सगळं मी एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबलेलं. एक अडलं की बायकांची रांग अडते. आता त्याचे चार वेगळे भाग केलेत. ते केंद्रातल्या जुन्या लिनक्स मशीनवर सांभाळायला कुठलं टूल घ्यायचं, हे शनिवारी संघाच्या सभेत ठरणार. माझ्या हाताखालचा राजवर्धन म्हणतो कुबरनेटिस, मोठ्या कंपन्या वापरतात ते. मी म्हणते पॉडमन, साधं आणि हलकं.

"मॅडम, विमान असताना एसटी कशाला?"

"वडूजला विमान उतरतं का रे?"

मला एवढंच हवंय — सुलाबाईंना ते माझ्याशिवाय चालवता यावं. 'माझ्याशिवाय' लिहिताना जरासं दुखलं. का बरं?

गुरुवार, २० नोव्हेंबर

वडूजला चाचणी. आज राजवर्धनचं कुबरनेटिस. स्क्रीनवर सगळं हिरवंगार! "बघा मॅडम, एकही अडथळा नाही." हरले, असंच वाटलं.

मग बाहेर पाहिलं. रांगच नाही! एक किटलीसुद्धा नाही. सुलाबाईंना विचारलं.

"आवं, आज आवस न्हाई का! आवसेचं दूध आमच्या वस्तीवर कुणी इकत न्हाई. पोरास्नी पाजायचं, उरल्याची खीर."

"मग सकाळी सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुठं? मला वाटलं, मशीनची पूजा घालाय आलाय!"

राजवर्धन कपाळाला हात लावून हसत सुटला. खीर खाऊनच परतलो. दोन वाट्या!

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज रांग रस्त्यापर्यंत. दहा मिनिटांत ते मशीन कुबरनेटिसच्याच ओझ्यानं धापा टाकू लागलं. राजवर्धननं स्वतःच ते काढून टाकलं. बिचारा!

संध्याकाळी पॉडमन. मी मुद्दाम मेसेजचा भाग बंद केला — काटा चालूच! आनंदानं ओरडणार, तेवढ्यात पावती खरोखरच अडकली. मी उठेपर्यंत सुलाबाईंनी ओले हात पदराला पुसले, भिंतीवर मी लिहून ठेवलेली कमांडची ओळ बघत एकेक अक्षर दाबलं. पावती सुरू!

"ताई, एक कॅन नासला तर तेवढाच ओतायचा. टँकर कशाला ओतायचा? तसंच की हे."

चार महिने मी संघाला हेच समजावतेय. इतकं सोपं कधी जमलं नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पॉडमन! सभेत बाजू मांडली ती राजवर्धननंच.

सोमवार, १ डिसेंबर

आठ दिवस झाले, सकाळी फोन नाही. आज मीच केला. "समदं ब्येस हाय. ठिवा आता, रांग हाय."

मंगळवार, २ डिसेंबर

पलूसच्या केंद्रातल्या बायकांना शिकवायला संघ सुलाबाईंना पाठवतोय. म्हटलं, मीही येते सोबत. "नगं ताई. तुमी फुडं बसला की मला बोलाय सुदरत न्हाई. तुमी घरीच ऱ्हावा."

राहिले!