धोकादायक घर भाड्याने देणे आहे

५ जून, दुपार
भूकंप झाला. सौम्य. मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणले. मी पेपर टाकून थेट अंगणात. चंद्रप्रभा स्वयंपाकघरातच. तिच्या मते शेजारच्या प्लॉटवर हॉस्टेलचं बांधकाम चाललंय, तिथला मिक्सर असावा. मी समजावलं की मिक्सरचा हादरा बाजूने येतो, हा खालून आला. ती म्हणाली, मग पळताना चपला तरी घालायच्या.

लातुरात राहून ही बेफिकिरी. त्र्याण्णव साली आम्ही हदगावला होतो, मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायचो. भूकंप झाला तेव्हा मी झोपेत होतो. सकाळी रेडिओवर कळलं. बातम्या ऐकताना चंद्रप्रभेच्या हाताला लागलेलं पीठ तसंच वाळून गेलं होतं, एवढं आठवतं. झोपेत का होईना, अनुभव तो अनुभव.

६ जून
पेपरात भूकंपाची एक ओळ नाही. दाबली असावी.
संकल्प : एक, स्लॅबखाली झोपणे बंद. दोन, गळ्यात कायम शिट्टी. तीन, रोज पहाटे धावण्याचा सराव. तिसरा सोमवारपासून.

८ जून
वीरभद्रला बोलावलं. पूर्वी कूलरच्या टाक्या बनवायचा. आता दुकानावर पाटी आहे, 'वीरभद्र डिझास्टर सोल्युशन्स'. त्याने आमच्या भिंतीवर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि डॉक्टरसारखा उसासा सोडला. मी विचारलं, काय वाटतं? तर म्हणे, "सर, स्लॅब पडला तर माणूस सापडत न्हाई. पत्रा पडला तर नुसता आवाज लई होतो."
इतकं नेमकं वाक्य मला उभ्या नोकरीत एका उत्तरपत्रिकेत सापडलं नाही. अंगणात पत्र्याची खोली बांधायची ऑर्डर दिली.

१५ जून
खोली तयार. सीताफळाच्या झाडाला लागून. नाव ठेवलं 'निर्भय'. अक्षरं मीच रंगवली.
हदगावच्या शाळेलाही पत्रेच होते. आठवीचा वर्ग, बाहेर कापसाच्या गाड्या, आत सगळी पोरं एका चालीत कविता म्हणून राहिलीत. एकदा एका मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर कळलं त्याला ताप होता. मी ते कवितेच्याच खात्यात धरतो.

चंद्रप्रभा आत यायला तयार नव्हती. सगळं अंगण गिळलंत, म्हणाली. मी सुरक्षेवर बोललो. शेवटी आली, पण अट घालून. आमची कुलदेवता माहूरची रेणुका. तिच्यावरूनच माझं नाव रेणुकादास. नवरात्रात देवघरात घट बसतो. "तोवर तुमचा हट्ट. घट मात्र मी घरातच बसवणार, आणि त्यानंतर घरातच राहणार." एवढं बोलून तिने उशी आणली.
लगेच हो म्हटलं. नवरात्र लांब आहे. तोवर जमीन शांत होईल.

२० जून
दुपारी 'निर्भय'मध्ये बसवत नाही. तांब्यातलं पाणी आपोआप चहाइतकं तापतं. वीरभद्रला फोन केला. तो म्हणाला, भूकंप सहसा पहाटे येतो, दिवसा घरात बसायला हरकत न्हाई. ५ जूनचा दुपारी आला होता, पण तो सौम्य होता.

२४ जून
नीटचा रिझल्ट लागल्यापासून रिपीटर पोरांची झुंबड. सगळं लातूर खोल्या शोधतंय. देवणीचे एक गृहस्थ दोन मुलांना घेऊन फाटकात उभे. घर रिकामं आहे का? मी विचार केला. रात्रीचं रिकामंच असतं.

मग मनात शंका आली. घर धोकादायक आहे ना? पण कोणासाठी? माझ्यासाठी, चंद्रप्रभेसाठी. अठरा वर्षांचा मुलगा चार ढांगांत अंगणात येतो. म्हणजे धोका घरात नाहीच, गुडघ्यांत आहे. पुढची खोली दिली. ॲडव्हान्स वीरभद्रच्या बिलात गेला.

चंद्रप्रभेने विचारलं, ज्या घरात तुम्ही मला झोपू देत नाही, तिथे लोकांची लेकरं झोपलेली चालतात? प्रश्न भावनिक होता. मी ॲडव्हान्सची पावती लिहायला घेतली. तीही थांबली नाही. पोरांसाठी चहा टाकायला गेली.

३० जून
पॅम्प्लेट छापलं. 'भूकंप-जागृत निवास. मालक स्वतः आवारात. प्रत्येक विद्यार्थ्यास काव्यमय प्रशिक्षण.' मधली खोली आणि हॉलही गेला. आता देवघर आणि स्वयंपाकघर तेवढं आपलं.
धावण्याचा सराव : पावसाळ्यानंतर.

६ जुलै
भूकंपात काय करावं यावर ओव्या रचल्या. सुरुवात अशी :

सोशिक ही माता धरा । साहे आपुला पसारा ।
जरी कांपे थरथरा । तरी माताच ती ॥

पहिल्या चार ओव्यांत निसर्गवर्णन. पाचवीत पळण्याची सूचना. मुकुलला पुण्याला फोन करून ऐकवल्या. त्याचं म्हणणं, बाबा, पळण्याचं आधी घ्या. इंजिनिअर मुलगा. त्याला वाटतं कविता म्हणजे पळायचा जिना. तरी मन मोठं करून सूचना चौथ्या ओवीत घेतली.

१० जुलै, सायंकाळ
पहिली रंगीत तालीम. पाच वाजता पितळी थाळी बडवली. मिनिटाच्या आत सगळी मुलं बाहेर. ताटं घेऊन. त्यांना वाटलं आज मेसचा डबा लवकर आला. मी ओव्या सुरू केल्या. दुसऱ्या ओवीपर्यंत एकेक जण आत गेला. टेस्ट सिरीज आहे म्हणे.
तरीही घर शंभर टक्के रिकामं झालं, हे नाकारता येत नाही. शेरा : उत्कृष्ट.

१९ जुलै
वीरभद्रने आपत्कालीन पिशव्या आणल्यात. टॉर्च, शिट्टी, दोरी, ग्लुकोजची बिस्किटं. मुलांना विकायला डझनभर घेतल्या. एकाने विचारलं, यावर नीटला प्रश्न येतो का? मी खोटं बोलत नाही. एकही खपली नाही.

२ ऑगस्ट
पिशव्यांतली बिस्किटं संपली. मुदत उलटायच्या आत साठा वापरणे हा व्यवस्थापनाचाच भाग आहे. रोज चहाबरोबर वापरला.

१४ ऑगस्ट
उदगीरचा एक मुलगा आला. गेल्या वर्षी थोडक्यात हुकला. त्याला स्वतंत्र खोली हवी, खिडकीसह. अशी एकच उरली आहे, देवघर. विचार केला, देवांनाही सुरक्षित जागा हवीच. देव्हारा 'निर्भय'मध्ये आणू, घट इथेच बसवू. पत्र्याला देव चालत नाहीत असं कुठे लिहिलं आहे?
चंद्रप्रभेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मी होकार समजलो. मग देवघरात जाऊन दार लावून बराच वेळ बसली. सामान बांधत असावी.

१७ ऑगस्ट
हदगावकडच्या गुणाबाई आल्या, मुलगी उज्वला हिला घेऊन. सोयाबीनवाल्या. आमच्या शाळेच्या निघाल्या. मी उत्साहाने आठवीतली चाल धरून दाखवली. त्यांना चाल आठवली नाही. शाळेतली विहीर आठवली.

त्यांनी घर बारकाईने पाहिलं. नळ सोडून पाहिला, खिडक्यांच्या कड्या ओढल्या. उदगीरच्या मुलासाठी ठेवलेलं देवघरही पाहिलं. मग 'निर्भय'च्या दारात आल्या. आतल्या दोन खाटा, स्टोव्ह, दोरीवरची चंद्रप्रभेची साडी, सगळ्यांवर नजर फिरवून म्हणाल्या, "मास्तर, घर एवढं चांगलं हाय, मग तुमी पत्र्यात काहून राहून राहिले?"

मी ओव्यांपासून सुरुवात केली. त्या चंद्रप्रभेकडे वळल्या. "बाई, तुमी सांगा. पडते का हे घर?"
"नाही पडत. यांना तसं वाटतं."
"मंग तुमी आत झोपसाल तर पोरगी ठिवते. न्हाई तर आमी निघालो."
"झोपते की," चंद्रप्रभा म्हणाली. "आजपासूनच. देवघरात, तुमच्या लेकीजवळ."

मी थक्क झालो. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून किती सहज थाप मारली. हिच्यात धंद्याची इतकी समज असेल असं वाटलं नव्हतं. उदगीरच्या मुलाला नकार कळवला. एकच गेला, पण बाईमाणसाचा शब्द राहिला.

त्याच दिवशी, नंतर
उशी घेऊन गेली. थाप जरा लांबवते आहे.

२५ ऑगस्ट
अजून लांबवते आहे.
गुणाबाईंच्या शब्दावर हदगाव, माहूरकडून आणखी मुली येताहेत. पालकांचा प्रश्न एकच, मॅडम आत राहतात का? मॅडम म्हणजे चंद्रप्रभा. मी जन्मभर शिकवलं, मला कोणी 'ते पत्र्यातले सर' म्हणतं.
सगळ्या जागा मुलींना द्यायच्या, असं तिने ठरवलं. पोरांना महिनाअखेरीपासून शेजारच्या नव्या हॉस्टेलात जागा मिळवून दिली. तिथला मिक्सर बंद झाला आहे. तेव्हापासून पेले किणकिणले नाहीत. योगायोग.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. एका पालकांची गंभीर तक्रार : वसतिगृहाच्या व्हरांड्यात एक पुरुष फिरताना दिसला. मी संतापलो. वर्णन मागितलं. पांढरा पायजमा, गळ्यात शिट्टी.
तरीही तत्त्व ते तत्त्व. तासाभरात बोर्ड तयार केला. 'मुलींचे वसतिगृह. पुरुषांस प्रवेश नाही. पालकभेट फक्त रविवारी, चार ते सहा.' चंद्रप्रभा म्हणाली, काय सुरेख अक्षर आहे तुमचं. कितीतरी वर्षांनी म्हणाली. मी स्वतःच स्टुलावर चढून व्हरांड्याच्या फाटकाला लावला.
चहा पिताना लक्षात आलं, खाली कंसात एक अपवाद घालायला हवा होता. पण बोर्डावर जागा उरली नाही.

११ सप्टेंबर
डबा फाटकावरून मिळतो. भाजी चांगली असते. मुलींच्या मताने ठरते.
काल आतून हसण्याचा आवाज आला. त्यात चंद्रप्रभेचं हसणं ओळखू आलं. हदगावला हसायची तसं.

१६ सप्टेंबर
विचारांती निर्णय : भीती सोडली. घराची रचना भक्कम आहे. माझ्या सांगण्यावरून वीरभद्रने पुन्हा तपासणी केली. या वेळी टकटक पत्र्यावर केली आणि पुन्हा उसासा सोडला. म्हणाला, वारा मोठा आला तर याचा भरवसा न्हाई. स्लॅबचं काम करणारा एक भाऊ आहे त्याचा.

फाटकापाशी चंद्रप्रभेला सांगितलं, तुझ्यासाठी धोका पत्करून आत यायला तयार आहे. तिने विचारलं, कुठे? पुढच्या खोलीत मुली, मधल्या खोलीत मुली, हॉलमध्ये मुली. देवघरात ती आणि उज्वला. परीक्षेपर्यंतचा ॲडव्हान्स घेतला आहे. कोणी घेतला? मीच घेतला.
स्वयंपाकघराचं सुचवलं. तिथे एक मुलगी बायोलॉजी मोठ्याने पाठ करते.

२२ सप्टेंबर
घट बसला. घरातच, देवघरात. ती म्हणाली होती तसा. पहाटे लगबग ऐकू आली. काळी माती, सात धान्यं, पोरींची पळापळ. मी आंघोळ करून खिडकीखाली उभा राहिलो. आरतीला बाहेरून साथ दिली. आतल्या मुली चाल वेगात घेतात, मी एक ओळ मागे पडलो. शेवटची ओळ एकट्यानेच म्हटली.
खिडकीतून प्रसादाची वाटी आली. हात तिचाच होता. बांगड्या नव्या होत्या.

२८ सप्टेंबर, रविवार
दुपारपासून फाटकातल्या बाकावर. इस्त्रीचा शर्ट. शिट्टी काढून ठेवली.
शेजारी किनवटचे एक पालक, मांडीवर भाकऱ्यांची पिशवी. त्यांनी विचारलं, तुमचं कोण आहे आत? म्हटलं, पत्नी. त्यांनी पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली. मग आपुलकीने म्हणाले, कोणता विषय कच्चा आहे? सध्या आमच्या पोरीला फिजिक्स जड जातं.

चार वाजता उज्वला दारात आली. एकेका पालकाला विचारत होती, कोणाला बोलवू? माझी पाळी आली. तिने 'सर' म्हटलं नाही. कामात होती. मी म्हटलं, चंद्रप्रभा.
ती म्हणाली, "मॅडम उत्तरं लावून आमच्या टेस्टचे पेपर तपासून राहिल्यात. भेटतात का विचारून येते."

किनवटच्यांची मुलगी येऊन, रडून, भाकरी घेऊन आतसुद्धा गेली. जाताना ते म्हणाले, धीर धरा, पहिल्या वर्षी सगळ्यांचंच असं होतं.
साडेपाच. उज्वला अजून विचारून आलेली नाही.