पाठकोरे कागद

१२ मे, सोमवार

गेली! आरोहीला तिची अज्जी, आईची आई, अक्कलकोटला घेऊन गेली, आठवडाभरासाठी. एसटीत बसताना पोरीने मला हात हलवला — तोही अज्जीने कोपराने ढोसलं म्हणून. लग्नाला चार महिने झाले, पण "मावशी, पाणी द्या" याच्यापुढे गाडी सरकत नाही. आठ वर्षांची आहे. तिची आई, सिद्धेश्वरी, जाऊन चार वर्षं झाली. माझ्यावर रागावते म्हणावं तर तसंही नाही. रागावली असती तर बरं, भांडता तरी आलं असतं.

घर खायला उठलंय. दोनदा फरशी पुसली. तिचे पप्पा, शिवकुमार, सात रस्ता चौकातल्या दुकानात. तिसऱ्यांदा झाडू घेतला, तर पलंगाखालून पिशवी निघाली. तिची चित्रं! अगदी लहानपणीची. हत्ती, घरं, डोक्यातूनच हातपाय फुटलेली माणसं. कोपरे दुमडलेले, एक तर झुरळाने कुरतडलेलं. असं ठेवतात का कुणी? माझे हात शिवशिवायला लागले.

१४ मे, बुधवार

खालच्या चादरीच्या दुकानातून पुठ्ठ्याची खोकी आणली. दुकानदार सिद्धराम म्हणाला, "न्या की वहिनी, लागतील तेवढी!" एकेका चित्राच्या मापाचा पुठ्ठा कापायचा, मैद्याची खळ शिजवून त्यावर चित्र चिकटवायचं, वर वजन ठेवायचं. काय सपाट बसतं! घरातली सगळी जाड पुस्तकं, पाटा, कुकर — सगळं कामाला लावलं.

कागदांच्या मागे पेनाने काहीबाही खरडलेलं होतं, वाचत बसले नाही. पाठकोरे असणार. आमच्या अकलूजला तेच — कोरा कागद पोरांच्या हातात कोण देतंय! आमचे अण्णा, म्हणजे वडील, कारखान्यातले रद्दी कागद आणायचे. एका बाजूला उसाचं टनेज, दुसऱ्या बाजूला माझे मोर.

१७ मे, शनिवार

झालं! चौतीस चित्रं. हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी, सुतळीला कपड्यांचे चिमटे. शिवकुमार दारातच थांबले. एकेक चित्र बघत राहिले. "छान झालंय," म्हणाले. आणि अर्धीच भाकरी खाल्ली.

सोमवारी येते ती. कधी एकदा सोमवार उजाडतोय असं झालंय.

१९ मे, सोमवार

करायला गेले गणपती, झालं माकड.

आली, चप्पलही न काढता सुतळीखाली उभी राहिली. हसली! मी पाहिलं, खरंच हसली. मग एक चित्र चिमट्यातून काढून उलटं केलं. पुठ्ठा. दुसरं काढलं. पुठ्ठा. तिसरं.

"मावशी, मागचं कुटं गेलं?"

"मागचं म्हणजे?"

"आईनं लिवलेलं! प्रत्येकाच्या मागं आईनं लिवलंय. पप्पांनी दाखवलंय मला."

मला वाटलं, फरशी फाटावी आणि आत जावं. मी म्हटलं, "अगं, मला वाटलं पाठकोरे..." ती टेबलाखाली जाऊन बसली, तिथेच हुंदके देत झोपली. ज्या बाईची जागा मला भरायची नव्हती, तिचे शब्द मी माझ्या हाताने खळ लावून मिटवले. एक नाही, चौतीस!

२० मे, मंगळवार

सकाळी शिवकुमारना म्हटलं, "मी सगळी सोडवते. खळच आहे, पाण्याने सुटेल."

"राहू दे."

"अहो, तिच्या आईचं अक्षर आहे ते!"

"राहू दे म्हटलं ना! फाटतील. हात लावू नकोस."

चार महिन्यांत पहिल्यांदा आवाज चढवला. डबा न घेता गेले. कळलं मला. सिद्धेश्वरीचं लिहिलेलं मी वाचू नये, असंच ना? दुखलं. खोटं कशाला लिहू, फार दुखलं.

२१ मे, बुधवार

ऐकलं नाही त्यांचं. मी पडले अकलूजची!

ओला पंचा पुठ्ठ्यावर टाकायचा, तासभर थांबायचं, मग पुठ्ठ्याचे पापुद्रे सोलायचे. शेवटचा पापुद्रा बोटाच्या पेराने, गोल गोल. चित्रं मेणखडूची आहेत म्हणून वाचली. एक पाण्याच्या रंगाचं होतं, तो मोर वाहून गेला. कंबर धरली; बसवत नाही, उठवत नाही. आज चारच सुटली. अक्षरांवर अजून खळीचा थर.

आरोही दारातून बघते. आत येत नाही.

२३ मे, शुक्रवार

एकवीस सुटली. आज कापसाने खळ पुसली आणि वाचता आलं.

"हा हत्ती आहे. मांजर म्हटलं की रडते. — आई"

"आज माझं नाक निळं काढलं. म्हणे, थंडी वाजते ना तुला. — आई"

"पहिल्यांदा गोल जुळला. सगळ्या गल्लीला दाखवून आली. — आई"

वाचताना रडत होते, आणि मध्येच हात थांबला. हे अक्षर मी रोज वाचते. डावीकडे कललेलं, शेवटची वेलांटी पार ओळीबाहेर. फ्रिजवर किराण्याची यादी आहे, ती काढून शेजारी ठेवली. तूरडाळ, साबण, शेंगदाणे.

शिवकुमारचं अक्षर. सगळ्यांवर. एकाच निळ्या पेनाचं, एका बैठकीत लिहिल्यासारखं.

बायको गेल्यावर बसला असेल हा माणूस, पोरीची जुनी चित्रं घेऊन. आई काय म्हणाली असती ते एकेकावर लिहीत.

२४ मे, शनिवार

सगळी सुटली. शिवकुमार शेजारी येऊन बसले. ओल्या कागदांवर टीपकागद ठेवू लागले. वर न बघता म्हणाले, "वाचलंस?"

"नाही. खळीने सगळं पांढरं झालं होतं. आता वाळल्यावर दिसेल."

मान हलवली त्यांनी. मी खोटं बोलले आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. पण आरोहीला उद्या काय सांगू? मोठी झाल्यावर कुणी सांगितलं तर? अख्खा दिवस डोकं भणभणतंय.

२५ मे, रविवार

सिद्धरामकडून चादरींच्या पारदर्शक पिशव्या आणल्या. मशीनवर चौतीस कप्पे शिवले. वर नाडी. सुतळीला लटकतात, हाताने फिरवले की दोन्ही बाजू दिसतात. सुया तीन मोडल्या.

२६ मे, सोमवार

शिवकुमार दुकानात गेल्यावर आरोही सगळे कप्पे फिरवून फिरवून बघून आली. माझ्याजवळ येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"मावशी, आईला मराठी लिवायला येतच नव्हतं. कन्नड शाळा तिची. अज्जीनं सांगितलंय मला, कवाच."

मी म्हटलं, "मग त्या दिवशी एवढी का रडलीस गं?"

"पप्पांनी लिवलंय की ते!"

मग माझ्या कानाशी आली.

"त्यांना सांगू नको हं, मला म्हाईत हाय म्हणून."